बदकाचा उजवा डोळा

पेण, कुंभारआळी
७ डिसेंबर १९९३

रंभा,

मी पोचले. वडखळला गाडी अडकली होती, पण पोचले. पोपटला वाढदिवसाचा आशीर्वाद द्यायचा तिथं राहूनच गेला, तो इथं लिहिते. तुझी पोरं फुगे फोडीत होती, त्यात आशीर्वाद ऐकणार कोण. उदंड आयुष्याचा हो म्हणावं, नि अभ्यास कर म्हणावं.

आता मुद्द्याचं. तो केक कोणी केला?

तू चारचौघांत सांगितलंस, मी केला, कुकरात जाडं मीठ पसरून वर भांडं ठेवून भाजला, नि लोणीसाखर घोटून नक्षी काढली. बाया वा वा करीत होत्या. पोराचा दिवस म्हणून मी गप बसले. पण तू माझी नणंद हायस, मी तुला परकरात असल्यापासून बघतेय. तुझ्या हातचा भात एक तर कच्चा, नाय तर बुडाला लागलेला. तुझी रांगोळी बघून तुझी आईच विचारायची, अंगणात कोंबडी कुणी सोडली. नि तू म्हणे अख्खं तळं काढलंस. निळं पाणी, कमळं, काठाला खेकडा, नि वर बदकं, प्रत्येकाच्या मानेला वेगळा बाक. बाक देणं आपोआप येत नाय. गणपतीच्या कारखान्यात रंगाच्या वाट्या धरून माझा जन्म गेला. हात शिकलेला कुठला नि अडाणी कुठला, हे मला कुणी सांगायला नको.

दुसरं. मी हात धुवायला मागच्या दारी निघाले तर तू आडवी आलीस. म्हणालीस, तिथं शेवाळ हाय, घसरशील. डिसेंबरात शेवाळ? नि मागं दोरीवर लहान पोरीचा पिवळा फ्रॉक वाळत होता. तुला पोरगी कधी झाली?

बेकरीतनं आणला असशील तर तसं सांग. त्यात लाज कसली. खोटं बोललीस त्याची लाज वाटू दे. माझं शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर लागलं नाय तर गोविंदाला वाचायला दे. तुझा नवरा तरी खरं वाचेल.

चंद्रावती


वरसे, रोहा
१४ डिसेंबर १९९३

वहिनीला रंभाचा नमस्कार.

तुझं पत्र वाचून मला हसू आलं. वहिनी, माणूस वयानं सुधारत नाही का? इथं कंपनीच्या कॉलनीत साहेबांच्या बायकांनी केकचा वर्ग काढला होता, मी तिथं जायचे. या बायका वाढदिवसाला एक विषय ठरवतात, त्याला थीम म्हणतात. मग कागदाच्या पताका, पोरांच्या टोप्या, केक, सगळं त्या विषयाचं. मला वाटलं, हे तर आपल्या गणपतीच्या देखाव्यासारखंच आहे, आपल्याला का नाही जमणार. फ्रॉक शेजारणीच्या मुलीचा होता. तिच्या दोरीला ऊन लागत नाही.

आता पुढचा बेत ऐक. आमच्या सासूबाईंना जानेवारीत पंचाहत्तरावं पुरं होतं. तारीख त्यांना ठाऊक नाही, मिठागरात मीठ पडायला लागलं तेव्हा मी जन्मले एवढंच काशीबाई सांगतात. म्हणून मकर संक्रांतीनंतरचा रविवार धरला आहे. जन्मभर त्यांनी मीठ ओढलं, म्हणून देखावा मिठागराचाच करायचा. तुझ्याइतका देखावा कुणाला कळतो? पुठ्ठ्याची झोपडी नि कागदाचे बगळे तू करून आण. केक मी बघते.

तुझा पुंडलिक कसा आहे? अजून टेम्पो चालवतो ना? हल्ली त्याला कुठली कुठली भाडी असतात? रोहा-कोलाडकडे येतो का कधी?

रंभा


पेण
२१ डिसेंबर १९९३

रंभा,

पुठ्ठा आणलाय. बगळे करीन. म्हातारीनं मीठ ओढलं म्हणून तिचा मान करताय, हे मला आवडलं. आमच्या माहेरी मिठागरात राबलेल्या बाईला कुणी जेवलीस का म्हणून विचारलं नाय.

पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं, नि दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा ते जास्त खोटं वाटलं.

तू वर्गाला गेलीस म्हणतेस. गोविंदाची शिफ्ट, तीन पोरं, म्हातारी सासू. वर्गाला गेलीस कधी? नि शेजारणीच्या दोरीला ऊन लागत नाय म्हणतेस. तुझं नि तिचं घर पाठीला पाठ लावून हाय, वर सूर्य एकच.

नि पुंडलिकच्या भाड्यांची चौकशी कशाला? दोन वरसांत तू माझ्या पोराचं नाव काढलं नायस. मालू घर सोडून गेली तेव्हा मी तुला निरोप पाठवला होता, तर तू उलटून एक ओळ लिहिली नायस. सून नेसत्या लुगड्यानिशी पोरीला काखेत मारून गेली. पुतळी तेव्हा नुकती बोलायला लागली होती. पुंडलिक सांगतो, कोलाडच्या कुणा ढाबेवाल्याबरोबर गेली. तुझं घर तिथनं हाकेवर, तुझ्या कानावर काय आलं असेल म्हणून विचारलं होतं. तू गप. नि आज एकदम, भाडी कुठली असतात. त्याच्या गाडीतनं काय मागवायचं असेल तर सरळ लिही. नायतर कारण सांग.

काशीबाईच्या वाढदिवसाला मी दोन दिवस आधी येते. तू केक कसा करतेस ते मला बघायचंय. शिकवशील ना मला?

चंद्रावती


वरसे, रोहा
३ जानेवारी १९९४

वहिनीला नमस्कार.

घाईत लिहिते. दोन दिवस आधी येऊ नको. घरात चुना लावायला काढला आहे, बसायला जागा नाही. रविवारी सकाळच्या गाडीनं ये. पुंडलिकला आणायची गरज नाही, त्याला कामं असतील. उगाच भाडं बुडवू नको म्हणावं.

बगळ्यांच्या चोची पिवळ्या कर. सासूबाई मुद्दाम सांगायला लावतात.

रंभा


पेण
१९ जानेवारी १९९४

रंभा,

तुझ्या घराला चुना लागला नव्हता. भिंतीवर पोपटनं कोळशानं काढलेली आगगाडी होती तशीच हाय. एवढंच लिहून मी थांबले असते, तरी तुला कळलं असतं की मला कळलं. पण मी थांबणारी बाई नाय.

आधी म्हातारीचं. काशीबाईला मी एवढी खुललेली कधी बघितली नव्हती. कागदाचे बगळे वाऱ्यानं हलले की टाळ्या पिटत होती. केकावरचे बांध बोटानं दाखवून सांगत होती, हे माझं मिठाचं कोंडं, हे ठमाबाईचं, ही मेली माझ्या कोंड्यातलं पाणी चोरायची. ठमाबाई मरून जमाना झाला, तरी केकावर तिच्याशी भांडली. ते सगळं गोड होतं. साखरेच्या पांढऱ्या राशी, त्यांच्या कडेला डोक्यावर टोपली घेतलेल्या साखरेच्या बाया, बोटाएवढ्या. प्रत्येकीचा काष्टा ओढलेला. सगळे बघत होते राशींकडं. मी बायांच्या तोंडाकडं बघत होते.

सगळ्यांचा उजवा डोळा चढलेला.

पोपटच्या तळ्यातली बदकं मला तेव्हा ओळखीची वाटली होती, का ते कळत नव्हतं. आता कळलं. डोळ्यांची आखणी मूर्तीत सगळ्यात शेवटी होते. आमच्याकडं, समोरनं बघताना डावा तो डोळा आधी, मग त्याला बघून उजवा. उजवा आधी काढला तर डावा खाली बसतो नि उजवा वर चढलेला दिसतो. कारखान्यात उजवा आधी काढणारी एकच होती. डावखुरी. उजवीकडनं सुरुवात केली म्हणजे ओल्या रंगावर तिचं मनगट घासत नसे. मी तिच्या मनगटावर कुंचल्याची दांडी मारून मारून थकले, पण तिची खोड गेली नाय. ती माझी सून होती.

मालू तुझ्याकडं हाय. पिवळा फ्रॉक पुतळीचा. शेवाळ नव्हतं, मालू होती.

मी तिथं बोलले नाय, म्हातारीचा दिवस होता. ताटली देताना तू माझ्या नजरेला नजर दिली नायस, तेव्हा माझी खात्री झाली. टोपलीवाली एक बाई मी कागदात गुंडाळून आणलीय. तू उद्या नाकबूल करशील, म्हणून.

दोन वरसं, रंभा. भावाच्या घरचं मीठ खाऊन मोठी झालीस नि त्याच्या नातीला लपवून ठेवलीस. मी इथं गल्लीत मान खाली घालून चालतेय, ढाबेवाल्याची सासू म्हणून पोरी हसतात. नि सून तुझ्या परसात बदकं काढतेय.

पुंडलिकला अजून सांगितलं नाय. सांगणार हाय. पोर त्याची हाय. शिमग्याच्या आधी पुतळीचा चौथा वाढदिवस येतो, तेव्हा मी त्याला घेऊन येते. करा कसला देखावा करता तो.

चंद्रावती


वरसे, रोहा
२५ जानेवारी १९९४

वहिनी,

हे पत्र मुद्दाम कारखान्याच्या पत्त्यावर टाकते. घरी आलं असतं तर पुंडलिकनं फोडलं असतं. वाचून झालं की चुलीत घाल.

हो. मालू इथं आहे. मागच्या खोलीत राहते. तू पोपटच्या वाढदिवसाला आलीस तेव्हा ती दाराच्या फटीतून तुझा आवाज ऐकत होती नि पुतळीच्या तोंडावर हात धरून बसली होती. कॉलनीतल्या वर्गाला ती गेली, मी नाही. साहेबांच्या घरी पोरांचे वाढदिवस असले की देखावा नि केक तीच करून देते, माझ्या नावानं. तिचं स्वतःचं नाव बाहेर गेलं तर पेणला पोचायला किती वेळ.

ढाबेवाला कुणी नाही. कधी नव्हता.

ती आली तेव्हा तिच्या डाव्या हाताला फळ्या बांधलेल्या होत्या. तुला सांगितलं होतं ना, माळ्यावरून मूर्ती काढताना पडली म्हणून? ती पडली नव्हती. पुंडलिक दारू पिऊन आला होता नि ती उलट बोलली, म्हणून त्यानं हात पिरगळला, आणि तोच हात, कामाचा. हाड अजून पुरतं बसायचं होतं तेव्हाच ती पोरीला घेऊन निघाली. मला म्हणाली, आत्या, पुढच्या वेळी तो पोरीचा मोडेल.

मी भाडी विचारली ती यासाठी. तो मागल्या पावसात कोलाडला टेम्पो घेऊन आला होता, ढाब्यांवर विचारत फिरत होता, सापडली की केस धरून नेतो नि पोर काढून घेतो म्हणत. गोविंदानं कानांनी ऐकलं. तेव्हापासून पुतळीला आम्ही रस्त्यावर खेळायला सोडत नाही.

तुला का नाही सांगितलं ते विचारशील. वहिनी, मला तुझीच भीती होती. तो तुझा एकुलता एक आहे. तू तोंडाची फटकळ, पोटात काही ठेवत नाहीस, नि त्याच्यावर तुझा जीव. आजही भीती आहे. तू त्याला सांगितलंस तर त्याच दिवशी मालू इथून जाईल, नि या वेळी कुठं गेली ते मलाही सांगणार नाही. मग पुतळी तुलाही नाही नि मलाही नाही.

आता तू ठरव.

पुतळीच्या वाढदिवसाचं विचारलंस म्हणून सांगते. तिला देखावा हवा आहे गणपतीच्या कारखान्याचा. तिच्या आईनं तिला सांगून ठेवलं आहे, तुझी आजी देवाला डोळे देते. दिवसभर तेच. समोर दिसेल त्याला डोळे काढते, तव्याच्या मागं सुद्धा. पण मालू अडून बसली आहे. गणपती केकवर काढायचा कसा? त्याच्यावर सुरी कोण घालणार? आणि गणपतीशिवाय कारखाना होत नाही. पोरगी ऐकत नाही.

रंभा


पेण
९ फेब्रुवारी १९९४

रंभा,

उत्तराला उशीर झाला. तुझ्या शब्दावर मी विसंबले नाय म्हणून उशीर झाला. तू मला दोन महिने शेवाळ, चुना नि शेजारीण सांगितलीस, मग हाडाचंच तेवढं खरं कसं मानू.

मी जित्याला गेले. हाड बसवणारा दाजी तिथं हाय, पुंडलिकनं मालूला त्याच्याकडंच नेलं होतं. गाडीतनं उतरले तशी सरळ त्याच्या ओट्यावर. म्हटलं, माझ्या सुनेचा हात तू बसवलास, ती माळ्यावरनं पडली होती ना? दाजी म्हातारा झालाय, पण हाडं विसरत नाय. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "बाय, पडलेलं हाड वेगळं मोडतं. हे धुणं पिळल्यासारखं मोडलेलं होतं. मी तुझ्या पोराला तोंडावर सांगितलं, तर म्हणाला, तू फळ्या बांध." परतीची गाडी येईपर्यंत जित्याच्या फलाटावर बसले.

घरी आले तर पुंडलिक जेवून हात पुसत होता. नि फळीवरची साखरेची टोपलीवाली त्याच्या हातात. माझीच चूक, मी ती पुरावा म्हणून समोर ठेवली होती. त्यानं ती खिडकीशी नेली, उजेडात धरली. तो पण कारखान्यात वाढलाय, रंभा. रांगायला लागला तेव्हापासून डोळे बघतोय.

म्हणाला, "आये, ही आखणी कुणाची?"

मी त्याच्या हातनं ती घेतली नि तोंडात टाकली. चावून खाल्ली, डोळ्यांसकट. टोपलीचा तुकडा दाढेत अडकला होता, तो पण काढून खाल्ला. मग म्हटलं, पनवेलच्या बेकरीतली हाय, तुझी आत्या बेकरीतनं केक आणते नि चारचौघांत मी केला म्हणून मिरवते. तू पण फसलास की, म्हटलं. तो हसला नाय. म्हणाला, येत्या नाय, पुढच्या रविवारी रोह्याचं भाडं मिळतंय, आत्याकडं चक्कर टाकून येतो.

तेव्हा आता मी सांगते तसं कर, नि वाद घालू नको.

एक. हे पत्र मिळेल त्या दिवशी मालूला नि पुतळीला थोडे दिवस दुसरीकडं ठेव. कुठं ते मला कळवू नको. मला ठाऊक नसेल तर माझ्या तोंडनं निघणार नाय. पिवळा फ्रॉक दोरीवर दिसता कामा नये.

दुसरं. माझ्या घरच्या पत्त्यावर एक कार्ड टाक. उघडं कार्ड, सगळ्यांनी वाचावं असं. त्यात लिही की केक बेकरीतला होता, मी तुझं बिंग फोडलं, चार लोकांत तुझी इज्जत घालवली, आता तुझ्या दारात पाऊल ठेवू नको. चांगलं शिव्या घालून लिही. आपलं भांडण झालं म्हणजे तो तुझ्याकडं येणार नाय, आत्याचं तोंड ऐकून घ्यायला तो कधी थांबला नाय. नि मी रोह्याला का जात नाय, हे पण तो विचारणार नाय.

होय, मी पण येणार नाय. पुतळीच्या वाढदिवसाला मी आले तर तो माझ्या मागनं येईल. तो काय खुळा नाय, माझा पोर हाय.

आता देखाव्याचं. मालूचं बरोबर हाय, देवावर सुरी घालायची नाय. बिनडोळ्याचा कच्चा गणपती पण काढू नको. आम्ही कारखान्यात तडा गेलेली मूर्ती डोळे काढायच्या आधी मोडतो, तेव्हा ती मातीच असते हे खरं. पण पोरीला ते समजवत कोण बसणार. पाट रिकामा ठेवा. पाटाच्या भोवती रंगाच्या वाट्या, साच्याचे अर्धे भाग, पाण्याची बादली, मांडणीवर वाळत घातलेले उंदीर, नाय, ते पण देवाचेच, नकोत, नुसत्या मांडण्या. कामाला बसलेल्या बाया दोनचार. नि पाटासमोर आजी. पोरीला सांगा, गणपती आत्ताच गिऱ्हाईक घेऊन गेलं. पेणात असंच असतं, आपण डोळे काढायचे नि लोकांनी न्यायचे.

आजीला पाठमोरी बसवा. माझं तोंड काढायचं काम नको.

बाकीच्या बायांना डोळे काढाल ते मालूला नीट सांग. डावा आधी. मनगट घासलं तर घासू दे, खालती कागद धर म्हणावं. आजवर मी दांडी मारून सांगत होते ते देवासाठी. आता तिच्या पोरीसाठी सांगतेय. साहेबांच्या घरच्या केकावर पण हेच. फोटो निघतात, फोटो फिरतात. उजवा डोळा चढलेलं एक बदक जरी पेणला आलं, तरी तो ओळखेल.

चंद्रावती


(उघडं कार्ड, पेण कुंभारआळीच्या पत्त्यावर)

वरसे, रोहा
१२ फेब्रुवारी १९९४

चंद्रावती वहिनीस,

केक बेकरीतला होता. झालं समाधान? माझ्या म्हाताऱ्या सासूच्या वाढदिवसाला येऊन जेवलीस, डब्यात भरून नेलंस, नि मागं गावभर माझी अब्रू काढलीस. तुझ्या डोळ्याला जगात चांगलं काही दिसतच नाही. जन्मभर देवाला डोळे काढलेस, स्वतःचे साफ करायचे राहिले. तू नि तुझा पोर, दोघांनी माझ्या दारात पाऊल ठेवू नये. ठेवलं तर मी कॉलनीच्या वॉचमनला सांगून ठेवलं आहे.

तुझ्या भावाची बहीण म्हणायची मला लाज वाटते. चुकले, तुझ्या नवऱ्याची बहीण. रागात काही सुचत नाही.

रंभा


पेण, कारखान्यातून
२२ मार्च १९९४

रंभा,

तुझं कार्ड फार चांगलं होतं. एवढं चांगलं की मला खरोखर राग आला. डब्यात मी काय भरून नेलं गो? दोन करंज्या. पुंडलिकनं ते मोठ्यानं वाचलं, कॉलनीच्या वॉचमनपाशी आला तेव्हा म्हणाला, आत्या येडी झालीय. कॉलनी कुठं नि तुझं घर कुठं हे त्याच्या ध्यानात आलं नाय. रविवारचं भाडं त्यानं घेतलं, पण नागोठण्यातनं माघारी आला. मी त्याच्या संगतीच्या टेम्पोवाल्याला विचारून खात्री केली. अजून तो अधनंमधनं त्या फळीकडं बघतो, जिथं साखरेची बाई ठेवली होती तिथं. बघू दे. फळीवर मी आता रॉकेलचा डबा ठेवलाय.

कारखान्याच्या पत्त्यावर पाठवलेला फोटो मिळाला. रंगाच्या वाट्यांमागं धरून बघितला, मग बाहेर उन्हात नेऊन बघितला. पाट रिकामा ठेवलात ते बरं केलंत. मांडण्या बरोबर हायत, बादलीची कडी पण काढलीय तिनं. बायांचे डोळे मी सगळे बघितले, एकेक. सरळ हायत. कुणाचे हायत ते मला सांगता आलं नसतं. मला ओळखू आले नाय, म्हणजे तिला जमलं. तसं तिला सांग. जमलं एवढंच सांग, फार वाढवून सांगू नको.

पुतळी हलली फोटोत. तोंड अर्धं पुसलंय, नि अर्ध्यावर पुठ्ठ्याची टोपी. एक कान तेवढा नीट आलाय. कान तुझ्या भावाचा हाय.

फोटो याच पाकिटात परत पाठवतेय. माझ्या घरात तो ठेवायला जागा नाय, नि कारखान्यात माणसं येतात जातात. तुझ्याकडं ठेव. माझ्याकडं होता हे कुणाला बोलू नको.

पुढल्या वरसाला तिला काय हवं ते आधी विचारून ठेव नि इथल्या पत्त्यावर कळव. देखावा मी सांगीन. येणार नाय, पण सांगीन. दरवेळी तिच्या मनासारखं करू नको, पोर लाडावेल.

पाठमोरी बाई फार जाड काढलीय. मी एवढी जाड नाय, मालूला म्हणावं.

नि एक कळव. ती बाई पुतळीनं खाल्ली का ठेवली. ठेवली असेल तर खायला सांग. साखर हाय ती, मुंग्या लागतील.

चंद्रावती